आभोगातलं नाव

कणकेचा गोळा तळहाताला किंचित चिकटला, म्हणजे पाणी जास्त झालं. शरयूने चिमूटभर पीठ लावून तो पुन्हा मळला. पखावजाच्या डाव्या तोंडावर थापायचा तो, नीट मऊ हवा...

"वहिनी, पोळीची कणीक नको हं," बाहेरून नाना पखावजी ओरडले, "परवा माझा पखावज तव्यासारखा बोलला!"

"हातच लाटण्यासारखा, नाना, तो काय करणार," तिचे यजमान कृष्णराव हसले, आणि तंबोऱ्यावर ध्रुपद सुरू झालं.

तेच. मुरार गावच्या एका म्हाताऱ्या गवयाकडून नवऱ्याला मिळालेलं, अर्धंच – चारांपैकी पहिले दोन अवयव, स्थायी आणि अंतरा. "दोनशे वर्षं जुनं असेल, शरयू! कुणा थोराचं काम आहे. उद्या गोरखी वाड्यात दरबारी मंडळींपुढे गाणार." आणि तिने नुसती मान हलवली. दोनशे वर्षं कसली! देवळातून परतताना तिला खांद्यावर घेऊन तिचे बाबा हे रचत होते. तिसरा अवयव, संचारी, त्यांनी आईच्या जात्यावरच्या ओवीतून उचलला, आणि चौथ्यात, आभोगात, रीतीप्रमाणे स्वतःचं नाव गुंफलं – महिपत. ऐकून गवयांनी ते उचललं, पण त्यांना घाई. दोन अवयव गाऊन उठतात, पदर कापून लुगडं विकावं तसं.

लग्नात बाबा गायले तेव्हा हे चिडवत म्हणाले होते, "तुझ्या बाबांचं गाणं भजनाच्या टाळांतच शोभतं गं." सहज... बाबा गेले तरी ते बोलणं राहिलं. आता सांगितलं तर ध्रुपदच यांच्या नजरेतून उतरेल? नाही सांगितलं तर बाबा उद्या दरबारात गायले जातील – आणि कुठेच नसतील.

"छे! दारातच उभं राहतं हे," बाहेर कृष्णराव थांबले. "पुढचं कुठे हरवलं, कोण जाणे."

तिने बाहेर येऊन गोळा नानांच्या हाती दिला, पण आत वळली नाही.

"अहो, पुढे आहे."

बसून तिने संचारी म्हटली. ओवीचा तो झोका आला आणि नानांचा हात, कणीक लावायची राहूनच, मागोमाग चालू लागला. कृष्णरावांचे डोळे भरले.

"अगं, हे तर त्याच हातचं... कुणी शिकवलं तुला?"

भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. तो उजळलेला चेहरा नावासरशी विझेल की नाही – पण तो प्रश्नच, सांजेला नदीचा पलीकडचा काठ दिसेनासा व्हावा तसा, लांब गेला. तिला बाबांचं नाव स्वतःच्याच तोंडून ऐकायचं होतं, इतकंच. तिने तंबोऱ्याचा षड्ज कानात भरून घेतला, आणि आभोग उचलला.