इग्नेशियसचं साळिंदर

दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या खजुराच्या गोदामात इग्नेशियसचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं, पण 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. एके सकाळी मालाच्या लाकडी पॅलेटखाली काटेरी जनावर सापडलं, तेव्हाही त्यानं एकदाच वाकून पाहिलं.

"साळिंदराचं पिल्लू! आमच्या वसईच्या वाडीत रताळी उकरायचं हे. उंदराचाच जातभाई."

"अंकल, मला हेजहॉग वाटतो, काटेरी पण किडे खाणारा," क्वालिटीवाली अनुराधा म्हणाली.

"तुम्ही पुण्याच्या लोकांनी साळिंदर पाहिलंय कधी?"

झालं. रजिस्टरमध्ये त्यानं 'उंदीरवर्गीय प्राणी' लिहिलं आणि सही ठोकली. अशी नोंद झाली की पेस्ट कंट्रोलचा खैरुद्दीन येणार, जनावर नेऊन मारणार. नियमही इग्नेशियसनंच केलेला. तरी कुणाला उपाशी धाडू नये म्हणून त्यानं डब्यातलं उकडलेलं रताळं खोक्यात ठेवलं.

जनावरानं रताळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अंगाचं मुटकुळं करून गप्प पडून राहिलं. इग्नेशियसच्या मनात पाल चुकचुकली. साळिंदर असं कुठे करतं? ते पाठ फिरवतं, काटे खडखडवतं. तेवढ्यात खोक्यात एक भुंगेरा सरपटत आला. मुटकुळं उलगडलं, टोकदार नाक बाहेर आलं आणि भुंगेरा कुर्रकन दाताखाली गेला. इग्नेशियसनं चष्मा लावून पाहिलं. कुरतडणारे लांब पुढचे दात नव्हतेच, सुईसारखे बारीक दात होते. त्याचा चेहरा पडला.

खैरुद्दीन पिंजरा घेऊन आला. रजिस्टर पाहून म्हणाला, "साइन आपका है ना? लाओ, खलास करते हैं."

जनावर पळालं म्हणून सांगितलं असतं, तर बावीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. अनुराधा त्याच्याकडेच पाहत होती. इग्नेशियसनं खोकं छातीशी धरलं.

"साइन मेरा है. गलती भी मेरा है. ये चूहे का जात नहीं, कीडा खाता है. बाहर छोडेगा मैं."

त्यानं जुनी ओळ खोडली, 'हेजहॉग' लिहिलं आणि तितक्याच जोरात सही ठोकली.

"पक्का?" खैरुद्दीननं विचारलं.

"पक्का. सुबह ठीक से देखे बिना बोला था, अभी देखके बोलता है."