बाबांचे चार किलो

एका तान्ह्या बाळाचं रडणं. मला आठवणारा सगळ्यात जुना आवाज तोच.

मी पायाखालचा वजनकाटा बोलतोय. गोल काच, आत लाल सुई, पाय ठेवायला रबराची काळी पट्टी. या घरात मला आणलं ते त्या बाळासाठीच. बाळ माझ्यावर स्थिर राहीना. मग आई त्याला कुशीत घेऊन उभी राहिली, नंतर बाबांकडे देऊन एकटी उभी राहिली, आणि बाबांनी वजाबाकी केली. आकडा ऐकून दोघं इतकी हसली, की मला वाटलं, मीच काहीतरी मोठं काम केलं.

पुढे त्या बाळाला सगळे चिमी म्हणू लागले. चिमी शाळेत गेली आणि मी पलंगाखाली गेलो. मोठी माणसं माझ्या वाटेला फारशी जात नाहीत. आलीच तर चपला काढतात, खिशातल्या किल्ल्या काढतात, श्वास रोखून धरतात. श्वासाचं वजन मला कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

मग चिमीला परदेशात नोकरी लागली आणि मला पुसून बाहेर काढलं.

काय ती तयारी! दात दुखत नसताना चिमीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं, कारण तिकडे दात महाग. चष्मा एक होता, त्याचे तीन झाले. इकडचा प्लग तिकडच्या भिंतीत बसत नाही असं कळल्यावर बाबा पिशवी भरून अ‍ॅडॅप्टर घेऊन आले.

"अहो, ती नोकरी करायला चाललीय. दुकान टाकायला नाही," आई म्हणाली. स्वतः तिने कुकरच्या जादा रिंगा आणि शिट्ट्या मोज्यांमध्ये लपवल्या होत्या.

बॅगेला परवानगी तेवीस किलोंची. पण बॅग माझ्यावर ठेवली की माझी काच झाकली जाई. म्हणून बाबा बॅग उचलून माझ्यावर चढत, चिमी आकडा वाची, आणि बाबा त्यातून स्वतःचे अडुसष्ट वजा करत. अडुसष्ट हे त्यांचं लग्नातलं वजन. ते त्यांनी जन्मतारखेसारखं पाठ करून ठेवलं होतं.

"पंच्याण्णव," चिमी म्हणाली.

"म्हणजे बॅग सत्तावीस. चार किलो काढा."

बूट लागणार होते. कोट लागणार होता. कुकरला हात लावायची कुणाची छाती नव्हती. राहिली दुलई. नोकरीची बातमी आल्यापासून आई ती शिवत होती, चिमीच्या लहानपणीच्या फ्रॉकांचे तुकडे जोडून. कापूस भरून चांगली जाडजूड झाली होती.

"तिकडे हीटर असतो म्हणे," चिमी दुसरीकडे बघत म्हणाली.

"राहू दे मग," आई म्हणाली. दुलई उचलून ती आतल्या खोलीत गेली.

माझा जीव कासावीस झाला. ते चार किलो कुणाचे, हे मला ठाऊक होतं. पण माझ्यावर कुणी उभं राहील तेव्हाच मला बोलता येतं, आणि बाबा एकटे माझ्यावर कित्येक वर्षांत चढले नव्हते.

आतून कपाटाचं दार वाजलं. दुलई मावेना. दार पुन्हा उघडलं, पुन्हा वाजलं. बाबा ऐकत उभे राहिले. मग त्यांनी खिशातल्या किल्ल्या काढल्या, पट्टा काढला, आणि ते रिकाम्या हातांनी माझ्यावर चढले.

"चिमे, वाच."

"बाबा, जरा मागे सरका. पोटाने काच झाकलीय."

बाबा मागे सरकले.

"बहात्तर."

आई दुलई घेऊन दारात उभी होती.

"काटा जुना झालाय," बाबा म्हणाले.

"हो ना, बिचारा. चार किलो वाढवले कुणी, आणि आळ आला माझ्या दुलईवर."

"घाल ती आत. आणि मोज्यांतल्या शिट्ट्या काढ, बघितल्यात मी."

"त्या जातील," आई म्हणाली. त्या गेल्याच.

विमानतळावरच्या काट्यानेही तेवीसच दाखवले, असं बाबांनी घरी आल्यावर सांगितलं. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण माणूस सरळ असावा.

आता बाबा रोज सकाळी फिरून येतात आणि माझ्यावर उभे राहतात. एकदा एकाहत्तर झाले, तर आईला हाक मारून दाखवलं. माझं एवढंच मागणं आहे, की माझ्यावर उभं राहताना घाबरू नका. मी कुणाला जाऊन सांगत नाही.

काल दुपारी घरात कुणी नसताना आई आली. चपला काढल्या नाहीत. माझ्यावर उभी राहिली आणि दोन्ही हात छातीशी घेतले, कुणाला तरी कुशीत धरावं तसे. थोडा वेळ तशीच राहिली. मग खाली वाकून सुईकडे पाहिलं. मी तिचंच वजन दाखवलं. दुसरं माझ्याकडे काही नव्हतं.

तिने हात सोडले. खाली उतरली, पायाने मला हलकेच पलंगाखाली सरकवलं आणि निघून गेली.