पुलावरचे वीस खेडूत

रागाच्या भरात माणूस काय बोलून बसेल याचा नेम नाही. कवळीमास्तर तर सासूबाईंच्या घरी, भरल्या ताटावर, सगळ्यांदेखत बोलून बसले, "या रविवारी हरलो ना, तर माझे सगळे रंग, सगळे ब्रश साडूभाऊंना देऊन टाकीन आणि खेळ कायमचा सोडीन!"

"तो तीन केसांचा ब्रशसुद्धा?" साडूंनी लगेच विचारलं. मेला हावरट!

खेळ म्हणजे कसला, तर बोटाच्या पेराएवढे सैनिक. ते रंगवायचे, टेबलावर पुठ्ठ्याचे डोंगर आणि नद्या मांडायच्या आणि फासे टाकून लढायचं. दर रविवारी सकाळी सायकलच्या दुकानामागच्या खोलीत हे युद्ध पेटायचं. साडूंकडे पंखवाले घोडे, त्यांवर चकचकीत चिलखतातले सरदार. मास्तर ओळीने सात लढाया हरले होते. आणि प्रत्येक वेळी साडू वर सासूबाईंना फोन करून कळवायचे, ते वेगळंच. साडू म्हणजे थोरले जावई, सासूबाईंच्या पाठीला उशी, पायाला स्टूल देणारे. मास्तर धाकटे. त्यांनी सासूबाईंना आजवर एकच गोष्ट दिली होती, ती म्हणजे समोरचे चार दात.

कारण मास्तरांचा धंदाच तो. चोवीस वर्षं ते लोकांच्या कवळ्या घडवत आले होते.

या वेळी त्यांच्या फौजेत पुलापाशी मोठं भगदाड होतं. ते बुजवायला परवडण्यासारखे एकच उरले होते, वीस खेडूत. चिलखत नाही, तलवार नाही. कुणाच्या हातात विळा, कुणाच्या हातात गवत उचलायचा काटा, एकाकडे तर नुसता पाटाचा तुकडा. पण रंगवल्याशिवाय सैनिक टेबलावर चढवायचा नाही, हा तिथला कडक नियम. मास्तरांनी कवळ्यांचे साचे बाजूला सारले, भिंग डोळ्याला लावलं आणि बसले.

आधी काळा फवारा, मग मातकट सदरे, मग पातळ तपकिरी रंग, जो सुरकुत्यांत आपोआप उतरतो. दोन दिवसांत खेडूत असे काही मळले की बायको म्हणाली, "अहो, यांना एकदा धुऊन तरी काढा." इथवर सगळं झकास होतं. घोटाळा झाला तो तोंडांचा. वीसही खेडूत ओरडत होते आणि उघडं तोंड रिकामं सोडणं मास्तरांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. त्यांनी दात भरले. कुणाचे पुढे आलेले, कुणाचे तिरके, कुणाची एक दाढ पडलेली. पुलाच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या काटेवाल्या बाईला डावीकडे एक सोन्याचा दात. हात चालत गेला, डोकं रेडिओकडे होतं.

रविवारी साडू सासूबाईंना गाडीत घालून घेऊन आले. उशीसकट! आपला विजय त्यांनी डोळ्यांनी पाहावा, एवढीच त्यांची इच्छा.

लढाई शेवटच्या डावापर्यंत रेटली. मास्तरांचे बाकी सगळे कामी आले, उरले पुलावरचे खेडूत. ते हा डाव टिकले तर मास्तर जिंकले, पळाले तर ब्रश गेले. साडूंनी मिशीवर बोट फिरवलं, पंखवाले घोडे उचलले, आणि तेवढ्यात चष्मा सावरत सासूबाई टेबलावर वाकल्या.

"हा दात मी कुठंतरी पाहिलाय."

"आरशात पाहिलास, आई," मास्तरांची बायको म्हणाली.

मास्तरांना तेव्हा कुठे दिसलं, आपण काय करून बसलो ते! सासूबाई. फाटक्या सदऱ्यात. हातात काटा.

साडूंचे घोडे हवेतच थांबले. "आई, मी... म्हणजे तुमच्यावर घोडे कसे घालू?"

"का? मी घाबरते वाटतं तुमच्या कोंबड्यांना? घाला!"

साडू पेचात पडले. न घालावेत तर आईंचा अपमान, घालावेत तर आईंचा खून. शेवटी डोळे मिटून त्यांनी हल्ला चढवला. फासे त्यांचेच भाऊबंद! अकरा खेडूत पडले. कोण उचलायचे ते मास्तरांच्या हातात होतं. त्यांनी सासूबाईंच्या अवतीभवतीचे उचलले. आता उरलेले नऊ टिकणार की पळणार, हे दोन फाशांवर. बेरीज चार किंवा कमी आली तरच टिकणार. मास्तरांनी फाशांकडे हात नेला.

सासूबाईंनी त्या हातावर चापट मारली. "मी पळायचं की नाही, ते मी ठरवीन." आणि फासे फेकले.

एक. दोन.

मास्तर खुर्चीतच बसले. सुटलो, सुटलो, एवढंच मनात येत होतं. साडू उशी छातीशी धरून उभे होते. "आई, दमला असाल. बसता का जरा?"

सासूबाईंनी ऐकलंच नाही. त्या पुलावरच्या बाईकडे बघत राहिल्या, मग धाकट्या जावयाकडे वळल्या. आता आपली धडगत नाही, म्हणून मास्तरांनी मान खाली घातली.

"जावईबापू, आठ वर्षं सगळे मला नुसतं बसवतायत," सासूबाई म्हणाल्या. "लढायला कुणी उभं केलं नव्हतं." त्यांचा आवाज जरा ओला झाला, पण लगेच चढला. "पुढच्या रविवारी किती वाजता यायचं?"