धार टिकत नाही म्हणे

आमचे हे कात्र्या-सुऱ्यांना धार लावतात आणि मी शेजारी बसून गिऱ्हाइकांशी बोलते, कारण यांच्या तोंडाला जन्मतःच कुलूप आहे. दुकान म्हणजे एक दार, एक चाक, यांचं स्टूल आणि गिऱ्हाइकाला बसायला बाकडं. हल्ली ते बाकडं रिकामंच असायचं. कात्री बोथट झाली की लोक नवी घेतात, आणि ज्यांना धार लावायची असते त्यांना आम्ही या गल्लीत आहोत हे ठाऊकच नसतं. दुकान बंद करायच्या गोष्टी हे बोलू लागले, तेव्हा मी माझ्या नणंदेला बोलावलं. ती ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे असते आणि भावाला दम द्यायला कधी कमी करत नाही.

तिनं फोनवर "कात्रीला धार" असं लिहून शोधलं. कुठकुठल्या लांबच्या दुकानांची नावं आली. आम्ही खाली, अगदी तळाशी सापडलो, तेही हार्डवेअरचं दुकान म्हणून. फोटो शेजारच्या लॉन्ड्रीचा होता.

"दादा, तू या गल्लीत बसतोस हे देवालासुद्धा कळायचं नाही," ती म्हणाली.

तिनं नकाशावरची खूण सरकवून आमच्या दारापाशी आणली, धंदा कोणता ते नीट लिहिलं, उघडायच्या वेळा घातल्या, चाकाचा आणि यांच्या हातांचा फोटो काढला. "आता गिऱ्हाइकांना दोन ओळी लिहायला सांगा. चांगलं लिहिलं गेलं की दुकान वर येतं." हे कानापर्यंत लाल झाले. मग मीच एकेकाच्या मागे हात धुऊन लागले. न्हाव्यानं लिहिलं, खानावळीच्या बाईंनी लिहिलं, बागेतल्या माळीबुवांनी तर निबंधच लिहिला. एका सकाळी नणंदेचा फोन आला. "वहिनी, शोधून बघा. आपण सगळ्यात वर!" बाकडं भरू लागलं आणि माझी जीभ दिवसभर चालू लागली.

मग तो अभिप्राय आला. एकच तारा. "धार दोन दिवस टिकत नाही. उगाच हेलपाटा घालू नका." नावाच्या जागी नुसती टिंबं.

यांना दाखवायलाच नको होता, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. यांनी तो वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि चाकाकडे वळले. एरवी धार लावली की कात्री सरळ गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, ही यांची रीत. कापून बघणं यांना कमीपणाचं वाटायचं. त्या दिवसापासून मांडीवर चिंधी आली. कापायचं, उजेडात धरायचं, परत चाकावर घ्यायचं, परत कापायचं. चिंध्यांचा ढीग साचला आणि गिऱ्हाइकं ताटकळू लागली. नणंदेच्या सांगण्यावरून मी त्या टिंबवाल्याला गोड शब्दांत उत्तर लिहिलं, की कात्री घेऊन या, पुन्हा धार लावून देऊ. मनात होतं ते लिहिलं असतं तर फोन पेटला असता. कुणी आलं नाही.

एक दिवस यांनी चाक मध्येच थांबवलं.

"माझा हात गेला गं," म्हणाले. "मला कळलं नाही, लोकांना कळलं. महिनाअखेर बंद करू."

मी उठून साचलेल्या चिंध्या गोळा करू लागले.

त्याच दुपारी शिंपी मास्तर आले. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचं दुकान. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, दर महिन्याला मोठी कात्री फडक्यात गुंडाळून आणणारं.

हे म्हणाले, "मास्तर, आता दुसरं कुणी बघून ठेवा. मी बंद करतोय."

मास्तर मटकन बाकड्यावर बसले. "बंद? का?"

"धार टिकत नाही म्हणतात."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी कात्रीचं फडकं सोडलं, परत गुंडाळलं. "भाऊ, ते मी लिहिलं होतं."

मी उभी राहिले. माझ्या आजूबाजूला धार लावलेल्या सुऱ्या होत्या, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण ते भराभरा बोलू लागले. "वहिनी, ऐकून तर घ्या! पुतणीनं फोनवर दाखवलं, तुमचं दुकान पहिलं. माझ्या दुकानासमोर ती नवी बाई शिवणकाम करते, तीपण तुमच्याकडेच यायला लागली. पूर्वी माझी कात्री उभ्या उभ्या व्हायची. आता बसायला जागा नाही, वर 'उद्या या' म्हणता. म्हटलं, चार लोक कमी झाले तर बरं."

"म्हणून आमच्या पोटावर पाय आणलात?" मी कडाडले.

"चुकलो. शंभरदा चुकलो."

यांचं मात्र आमच्या भांडणाकडे लक्षच नव्हतं. स्टुलावरून पुढे वाकून यांनी हळूच विचारलं, "म्हणजे धार टिकते?"

"टिकते का काय विचारता! टिकली नसती तर इतकी वर्षं तुमच्या दारात कशाला आलो असतो? महिनाभर कापड नुसतं सुटत जातं. म्हणून तर तुम्हाला लपवायला निघालो!"

यांनी मोठा श्वास सोडला आणि चष्मा काढून डोळे पुसले. माझेही भरून आले. मास्तरांचा राग आला होताच, पण मनावरचा धोंडा उतरल्यावर तो धरून ठेवायला अंगात बळ उरलं नाही.

तरी त्यांना फुकट सोडलं नाही. त्यांचाच फोन काढायला लावला आणि डोक्यावर उभी राहिले. त्यांनी जुनं पुसलं, पाच तारे दिले, टिंबांच्या जागी आपलं नाव घातलं आणि लिहिलं, "धार महिनाभर टिकते. मी स्वार्थापोटी खोटं लिहिलं होतं."

"आता तरी माझी कात्री आधी ना, वहिनी?"

"रांगेत," मी म्हणाले.

त्यांच्या आधी खानावळीच्या सुऱ्या होत्या. मास्तर मुकाट्यानं बसून राहिले. पाळी आली तशी यांनी कात्री घेतली, दोन्ही पाती चाकावर फिरवली, स्क्रू आवळला. मी सवयीनं चिंधी पुढे केली. यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कात्री सरळ मास्तरांच्या हातात दिली.