उघड्या तोंडाची कालवं

"काकी, नथ सरळ करा. आणि थोडं हसा ना! कोळीणबाई अशा रागावलेल्या असतात का?" दीपेशनं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

गोदूबाईनं नथ सरळ केली, हसली मात्र नाही. नथ चापाची होती, पनवेलच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं आणलेली. तिच्याआधी कुठल्या शाळेच्या गॅदरिंगमधली पोरगी त्या नथीत शिंकली असेल, देव जाणे. अंगावर चमकीचं हिरवंगार लुगडं, गळ्यात पिवळ्या पत्र्याच्या चार माळा, अंबाड्यात कापडी अबोलीचा गजरा. घरी, पनवेलच्या कोळीवाड्यात, ती मॅक्सीवर टॉवेल टाकून वावरायची. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात ती एवढी कोळीण कधीच दिसली नव्हती.

ती बसली होती उरणच्या पुढच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या एका घळीत. समुद्रानं डोंगराच्या पायथ्याशी कोरलेली ही घळ तिच्या माहेरच्या गावाची. लहानपणी आईबरोबर ती इथं ओहोटीला कालवं, खडकाला चिकटून वाढणारी खायची शिंपलं, काढायला यायची. घळीला तेव्हा नावबिव काही नव्हतं. आता तिचं नाव 'गोल्डन केव्ह' झालं होतं, आणि भिंतीवर ऑइलपेंटनं कोणाकोणाची बदामाच्या आतली नावं आली होती. कोपऱ्यात वेफर्सची पाकिटं, बिअरचा फुटका कॅन आणि लहान पोराचं वापरलेलं डायपर. आणि या सगळ्यावर मुताचा वास. माणसं एवढ्या लांब, एवढ्या हौसेनं समुद्र बघायला येतात आणि आल्याबरोबर त्याच्यात मुततात, हे कोडं तिला कधी सुटलं नव्हतं.

दीपेश खांदा कॉलनीतला. दोन वर्षांपूर्वी त्यानं कयाकची कंपनी काढली. कयाक म्हणजे प्लास्टिकची निमुळती होडी, दोघांनी बसून वल्हवायची. एका वेळी सहाच पाहुणे घ्यायचे, संध्याकाळच्या भरतीबरोबर त्यांना घळीत आणायचं, मावळतीचं ऊन दाखवायचं आणि परत न्यायचं. पाहुण्यांना वाट दाखवायला होता परेश, गोदूबाईचा पोरगा. बत्तीस वर्षांचा, एका मुलीचा बाप. खाडीतली मासळी संपल्यावर त्यानं गोदामात हमाली केली, रिक्षा चालवली, आणि शेवटी हे काम त्याच्या हाताला लागलं. पाण्यात तो सुखात असायचा, एवढं गोदूबाई मान्य करायची.

मग दीपेशच्या डोक्यात आलं की घळीत पोचल्यावर पाहुण्यांना एक खरीखुरी कोळीण दिसली पाहिजे. तिनं खडकावरचं कालव फोडून त्यांच्या हातावर ठेवलं पाहिजे.

"आये, तू आलीस तं तो मना कायमचा ठेवनार हाय," परेश म्हणाला होता. "हेड गाइड करनार. दोन तास बसायचं, बस."

ती आली. पोरासाठी माणूस काय काय करतं, त्यातलंच एक.

पहिल्या महिन्यात घळीत खरी कालवं होती. मग डोंगरावर बंगले झाले, त्यांचं गटार खडकांतून झिरपत खाली आलं आणि कालवं मेली. खडकावर नुसती रिकामी शिंपलं उरली. पण पॅकेजमध्ये कालवं लिहिलेली होती. म्हणून दीपेश बाजारातून थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवलेली कालवं आणू लागला, आणि परेश ती एम-सीलनं खडकाला चिकटवू लागला. टाइल्स बसवाव्यात तशी, ओळीनं, बाराच्या बारा.

पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा गोदूबाईला हसू आलं होतं. कालवं कधी ओळीनं उगवतात का? पण शहरातल्या माणसांना ते कळत नव्हतं. ती लोखंडी टोचा घेऊन बसायची, खूप जोर लागतोय असं दाखवायची, वरचं झाकण उडवायची, आणि पाहुणे टाळ्या वाजवायचे. हे नाटक होतं, पण कालव ताजं होतं, आणि तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली होती. घरी जाऊन मात्र ती साबणानं दोनदा तोंड धुवायची.

तिनं तीस वर्षं पनवेलमध्ये दारोदार कालवं विकली होती. प्रत्येक कालव नाकाशी नेल्याशिवाय तिनं वाडग्यात टाकलं नाही. अमिरुन्निसा नावाची एक म्हातारी तिची वीस वर्षांची गिऱ्हाईक. ती वाडग्यात डोकवायचीसुद्धा नाही. सून बघायला लागली की म्हणायची, "बघतेस काय? गोदूनं दिलंय ना? मग बिस्मिल्ला कर." नवरा काळूराम गेला तेव्हाही गोदूबाईला एवढं भरून आलं नव्हतं, जेवढं त्या वाक्यानं यायचं. हे ती कोणाला सांगणार नव्हती, पण खरं होतं.

आज द्वादशी होती. साडेतीनला पाणी पार उतरलं आणि ती खडकांवरून चालत घळीत आली. सगळ्यांनाच उशीर झाला होता. उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रेलरांनी रांग लावलेली, दीपेशची व्हॅन तिच्यात अडकली, आणि कालवांची पेटी मागच्या काचेतून येणाऱ्या उन्हात तापत राहिली. ती लुगडं नेसेपर्यंत परेश पुढं येऊन कालवं चिकटवून गेलाही होता. आता तो पाहुण्यांना आणायला धक्क्यावर होता.

"दीपेश, वास येतोय," ती म्हणाली.

"काकी, समुद्राचा वास येणारच ना." दीपेश स्पीकर लावत होता. "आज जरा एनर्जी ठेवा हां. रील करायचंय."

पाणी चढू लागलं. घळीच्या तोंडातून आधी खळखळाट आला, मग फेस, आणि त्या फेसाबरोबर एक चप्पल आणि प्लास्टिकचं झाकण. साडेपाचच्या सुमारास पिवळ्या कयाकी दिसल्या. पुढं परेश एकटा, मागं तीन कयाकींत सहा पाहुणे, नारिंगी जॅकेटं घातलेले. ऊन तिरपं होऊन आत शिरलं आणि घळीचा काळा खडक खरोखर तांबूस झाला. पाहुण्यांनी वल्ही थांबवली. तेवढ्यात दीपेशनं कोळीगीत लावलं आणि घळ दणाणली.

परेश कमरेएवढ्या पाण्यात उतरला. कयाकींच्या दोऱ्या धरून तो गोदूबाई बसली होती त्या खडकाच्या कडेशी उभा राहिला. आईकडे त्यानं बघितलं नाही. हे तिच्या लक्षात आलं.

"आजी, किती क्यूट दिसताय!" पुढच्या कयाकीतली मुलगी म्हणाली. तिचं नाव भाविका, ठाण्याहून आली होती. "मी लिंबू आणलंय. पहिलं मला हां!"

"देते बाय," गोदूबाई म्हणाली.

तिनं पहिल्या कालवावर टोचा ठेवला. जिवंत कालव स्वतःला आतून आवळून धरतं. टोचा कुठं लागतोय, कुठं सुटतोय, हे तिच्या मनगटाला पाठ होतं. हे कालव तसं सुटलं नाही. आधी हटून बसलं, मग कट्कन मोडलं, वाळलेला डिंक मोडावा तसं. झाकणाच्या कडेला एक चकचकीत बारीक रेघ होती. आत पाण्याचा थेंब नव्हता. मांस आक्रसून करडं पडलेलं, आणि वास असा की तिनं शिंपलं नाकापासून लांब धरलं.

तिनं दुसऱ्या कालवाच्या फटीवर नख फिरवलं. तिथंही तीच रेघ. तिसऱ्यावरही.

कालव मेलं की तोंड उघडतं. उघड्या तोंडाचं कालव फेकायचं, त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायचंही नाही. ही पहिली गोष्ट तिच्या आईनं तिला शिकवली होती, आणि तिनं परेशला, तो सहा वर्षांचा असताना. कोणीतरी या मेलेल्या कालवांची तोंडं फेविक्विकनं बंद केली होती. दीपेशला हे सुचणं शक्य नव्हतं. उघड्या तोंडाचा अर्थ त्याला ठाऊकच नव्हता. त्या घळीत तो अर्थ ठाऊक असलेली माणसं दोनच होती, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

"परेश," ती हळू म्हणाली. "ही कोनी चिकटवली?"

"आये, आता नको."

"मी इचारतंय, कोनी चिकटवली?"

परेश दोरीशी चाळा करत राहिला. "बर्फ वितळला व्हता. सातआठच उघडली व्हती. मी धुतली खाऱ्या पान्यानं. लिंबू मारल्यावर काय कलत नाय. आये, लोकं बघतात. कर ना."

गोदूबाईला किळस आली. घळीतल्या मुताची यायची तशी नाही, त्या डायपरची यायची तशीही नाही. ती किळस नाक फिरवून टाळता येते. ही पोटच्या पोराची होती आणि तिला कुठं वळवायचं ते तिला कळेना. याच हातांना तिनं कालव धरायला शिकवलं होतं. त्याच शिकवणीच्या जोरावर त्यानं हे केलं होतं.

"काय झालं काकी?" दीपेश मोबाइल धरून ओरडला. "अडकलं का? परेश, हेल्प कर ना यार!"

"हे मेलेलं हाय," गोदूबाई मोठ्यानं म्हणाली.

पाहुणे हसले. त्यांना तो खेळाचाच भाग वाटला. दीपेशही हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "काकी मजाक करतात. एकदम फ्रेश आहे. कोळी लोक स्वतः खातात की! परेश, एक खाऊन दाखव सगळ्यांना."

"मंग खा," गोदूबाई म्हणाली. तिनं शिंपलं परेशसमोर धरलं. "तू धुतलंस ना? खा."

तो खाणार नाही, याची तिला खात्री होती. तो मान फिरवेल, शिंपलं पाण्यात फेकेल, फार तर तिच्यावर ओरडेल. मग ती पाहुण्यांना परत पाठवील, काम जाईल, महिनाभर घरात अबोला राहील, आणि पोरगा तिचा तिला मिळेल. एवढ्या हिशेबानं तिनं हात पुढं केला होता.

परेशनं दीपेशकडे बघितलं. मोबाइलकडे बघितलं. मग आईच्या हातातून शिंपलं घेतलं, तोंडाला लावलं आणि गिळलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टी मारली. परेश हसला. ते हसू एवढं केविलवाणं होतं की गोदूबाईला ते बघवेना.

"आता मी!" भाविकानं लिंबाची फोड वर धरली आणि दुसरा हात पुढं केला.

"हात मागं घे!" गोदूबाई अशी ओरडली की गाण्याच्या दणदणाटातही ते ऐकू गेलं. "कोनी हात लावायचा नाय. मेलेली हायत सगळी. गोंद लावून तोंडं बंद केलीत त्यांची. खाल्लं तर मराल."

भाविकाचा हात तसाच हवेत राहिला. गोदूबाई खडकावरून पाण्यात उतरली. लाट छातीवर आली, माळा तरंगल्या. तिनं परेशचे केस मुठीत धरले आणि त्याचं डोकं खाली वाकवलं.

"आये, सोड! काय करतेस?"

"तोंड उघड."

तो बत्तीस वर्षांचा गडी होता, तिला एका हातानं ढकलू शकला असता. त्यानं ढकललं नाही. तिनं दोन बोटं त्याच्या घशात घातली, पार आत, पडजिभेपर्यंत. तो गुदमरला, तिच्या बोटांना चावला, आणि मग ओकला. करडा गोळा, त्यामागून दुपारचा वडापाव, चहा, आंबट पिवळं पाणी. ते तिच्या हातावर आलं, लुगड्यावर आलं, पाण्यावर पसरून तिच्याच पोटाशी येऊन लागलं.

"शी! ओ माय गॉड," मागच्या कयाकीतून कोणीतरी म्हणालं. एकानं मोबाइल वर केला होता, त्याच्या बायकोनं तो खाली ओढला.

"बंद करा हे! काकी, तुम्हाला कळतंय का काय करताय?" दीपेशचा आवाज चिरकला. "परेश, उद्यापासून येऊ नकोस तू. दोघंही येऊ नका." आणि मग पाहुण्यांकडे वळून, एकदम गोड आवाजात, "सर, मॅडम, सॉरी हां, फुल रिफंड, टेन्शन घेऊ नका." पण पाहुण्यांना बाहेर कसं काढायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला वल्हवताच येत नव्हतं. भाविकानंच कसंबसं वल्हं मारून आपली कयाक घळीच्या तोंडाकडे वळवली, आणि बाकीचे तिच्यामागून धडपडत, एकमेकांना आपटत निघाले. तो त्यांच्यामागं खडकाखडकानं गुडघे फोडत गेला. जाताना स्पीकर तो तिथंच विसरला, आणि गाणं चालूच राहिलं.

गोदूबाईनं बोटं पुन्हा आत घातली. परेश पुन्हा ओकला. आता नुसतं पाणी येत होतं. तिला त्याची अजूनही किळस येत होती, हातावरच्या घाणीची नव्हे, त्याचीच. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. त्याच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं आणि मान लटपटत होती. तिनं केस सोडले. ओकणाऱ्या पोराचं कपाळ धरतात तसा मोकळा हात त्याच्या कपाळाखाली दिला, आणि त्याच्या डोक्याचा सगळा भार त्या हातावर आला.

"झालं, आये," तो पुटपुटला. "निघालं सगळं."

"नाय झालं," ती म्हणाली. "अजून काढ."

पाणी चढत होतं. ती हात न काढता तशीच उभी राहिली.