चूक सांगायची जागा

मी एक स्टूल बोलतोय. व्याकरणवाले मला 'ते स्टूल' म्हणतात, म्हणजे खरं तर मी 'बोलतंय' म्हणायला हवं. त्यांचं व्याकरण त्यांना लखलाभ. इतकी वर्षं माणसांचं वजन पेललंय, एवढी मोकळीक मी घेणारच.

माझा जन्म रुग्णालयाच्या सुतारखोलीतला. ऑपरेशन थिएटरचा जुना दरवाजा काढला, त्याच्या फळ्यांतून मी आणि माझी तीन भावंडं निघालो. सुतार घाईत होता. माझा एक पाय नखभर आखूड राहिला, म्हणून कुणी बसलं की मी जरासा डुगडुगतो. भावंडं एक्स-रेच्या खोलीत गेली आणि मी पुरुषांच्या वॉर्डात आलो.

सुरुवातीला पडेल ते काम. नातेवाईक बसायचे, मावशी माझ्यावर चढून पंखा पुसायच्या, डॉक्टर पाय टेकवून बुटाची नाडी बांधायचे. मला राग यायचा, पण स्टुलाला विचारतो कोण? मग ताईंनी मला त्यांच्या टेबलाशेजारी नेलं.

ताई म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. उंच, आवाज बेताचा, चष्मा डोक्यावर ठेवून टेबलभर चष्मा शोधणाऱ्या. त्यांची एक रीत होती. हातून चूक झालेली सिस्टर सांगायला आली की तिला त्या माझ्यावर बसवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या. बाकीच्या वॉर्डांत उलटं होतं. तिथे इन्चार्ज खुर्चीत बसायची आणि चुकलेली पोरगी समोर उभी. मावशींनी एकदा विचारलंच. ताई म्हणाल्या, "अहो, चुकलेल्या माणसाचे पाय आधीच लटपटत असतात. उभं ठेवलं तर अर्धं सांगून पळून जाईल."

माझ्यावर बसून सगळ्यात जास्त रडली ती धाकटी. तिच्या तुकडीत ती वयाने लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणायचे. एका आडनावाचे दोन पेशंट शेजारशेजारच्या खाटांवर होते. तिने एकाचं साखरेचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं. ताईंनी एवढंच विचारलं, "कुणाला? किती? कधी?" तिने सांगितलं. "चल," ताई म्हणाल्या, आणि तिचा हात धरून दोघी पेशंटकडे गेल्या, तिथून डॉक्टरांकडे. तासाभरात पेशंट चहा मागत होता. चौकशीत ताई म्हणाल्या, "वॉर्ड माझा आहे, चूकही माझीच लिहा."

ताईंना कधी आवाज चढवावा लागला नाही. त्या आल्या की मोठमोठे डॉक्टर बोलणं अर्धवट सोडून त्यांच्याकडे बघायचे. पण कागदाला माणूस कुठे दिसतो? महिन्याच्या बैठकीत प्रत्येक वॉर्डाच्या चुकांचा आकडा वाचला जायचा. बाकी सगळ्यांचा शून्य, आमचा अकरा. बैठकीहून आल्यावर ताई धाकटीला म्हणाल्या, "त्यांच्याकडे चुका होत नाहीत असं नाही गं. त्यांच्याकडे सांगत नाहीत." झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांनी तीन बैठका वाट पाहिली आणि ताईंना वॉर्डातून काढून तळमजल्यावरच्या चादरींच्या खोलीत बसवलं. इन्चार्जची खुर्ची धाकटीला मिळाली.

ताईंनी जाताना एकच वस्तू मागितली, ती म्हणजे मी. मावशींनी मला काखेत मारून खाली आणलं. त्या दिवशी जिन्यात मावशी रडल्या आणि ताई त्यांनाच धीर देत होत्या.

चादरींच्या खोलीत खिडकी नव्हती. परीटघरातून गरम गठ्ठे यायचे, ताई मोजायच्या, फाटकं बाजूला काढायच्या. पहिल्या आठवड्यात धाकटी खाली आली. "ताई, साहेबांनी मला सहा महिने दिलेत. शून्य दिसलं पाहिजे म्हणाले. मी काय करू?" ताई चादरीच्या घड्या घालत राहिल्या. "आता तू इन्चार्ज आहेस. तुझं तू बघ," त्या म्हणाल्या. धाकटी आल्या पावली परत गेली. पुन्हा विचारायला आली नाही.

तिने वॉर्डाच्या दारात फळा लावला: 'चुकीविना दिवस'. रोज सकाळी आकडा एकाने वाढायचा. ज्या दिवशी चूक होईल त्या दिवशी तो पुसून शून्यावर, आणि त्या महिन्यात कुणालाच मागितलेली सुट्टी नाही. धाकटी वाईट नव्हती हो. ती घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती खुर्ची दिली की असंच होतं.

मग सिस्टर चोरून खाली येऊ लागल्या. चादरी बदलायच्या निमित्ताने यायच्या, माझ्यावर बसायच्या, मन मोकळं करायच्या. ताईंकडे आता ना पद होतं ना शिक्का. तरी ऐकून घेऊन त्या सांगायच्या काय करायचं ते, आणि पोरी ते करायच्या. मला वाटायचं, साहेबांनी खुर्ची काढून घेतली पण ताईंचं ताईपण काढून घेता आलं नाही. फुशारकीच होती ती माझी.

मग एके दिवशी सकाळी साडेअकराला एक सिस्टर आली, सगळ्या तिला नवीच म्हणायच्या. नोकरीला लागून तिला दोन महिने झाले होते. सात नंबरच्या खाटेवर एक शिंपी होता, पोटाचं ऑपरेशन झालेला. त्याचं रक्त पातळ करायचं इंजेक्शन आधीच्या सिस्टरने दिलं होतं, पण सही करायची राहिली. नवीने कागद कोरा बघून पुन्हा दिलं. ते तिला आत्ता कळलं होतं. वेळेत सांगितलं तर त्या औषधाला उतारा असतो.

"सांगितलंस का वर?" ताईंनी विचारलं.

"फळ्यावर शहाऐंशी झालेत, ताई. आज साहेब पाहुण्यांना घेऊन येणार आहेत. सगळ्या मला खातील. तुम्ही येता?"

ताईंनी हातातली चादर खाली ठेवली. मला वाटलं, निघाल्या. पण त्या म्हणाल्या, "वॉर्ड तिचा आहे. मी वर येऊन लुडबूड केलेली तिला खपायची नाही. तिलाच सांग, आत्ताच्या आत्ता. जा."

बोलणं रीतसरच होतं. पण मी त्यांना वर्षानुवर्षं ऐकलंय, त्या 'जा'मध्ये दुखावलेलं काहीतरी होतं. नवी उठली तेव्हा मी डुगडुगलो. ताईंनी सवयीने मला पायाने थोपवलं.

पुढचं मला मावशींच्या तोंडून कळलं. नवी टेबलापाशी गेली तेव्हा धाकटी पाहुण्यांना फळा दाखवत होती. तिने मान वळवून विचारलं, "काय गं? महत्त्वाचं आहे का?" नवी म्हणाली, "काही नाही." चार वाजता शिंप्याचं पोट फुगलं, तो पांढराफटक पडला. तेव्हा नवीने सगळं सांगितलं. दिवे लागायच्या सुमारास तो गेला. केसपेपरवर 'ऑपरेशननंतरचा रक्तस्राव' एवढंच लिहिलं. फळ्यावर दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी झाले.

दोन दिवसांनी शिंप्याची बायको चादरींच्या खोलीत आली. नवऱ्याची घरची गोधडी रुग्णालयाच्या कपड्यांबरोबर धुवायला गेली होती, ती न्यायला. ताईंनी तिला बसवलं आणि गठ्ठ्यातून गोधडी शोधून काढली.

"त्यांनीच शिवलेली," बाई म्हणाली. "उरलेल्या तुकड्यांची. सगळ्यांनी फार केलं हो त्यांचं. वेळच आली होती, कुणाचा इलाज?"

ताई गप्प राहिल्या असत्या तर बाई गोधडी घेऊन निघून गेली असती. धाकटीची खुर्ची टिकली असती, नवीची नोकरी टिकली असती. मी मनात म्हणत होतो, ताई, राहू द्या आता. ताई समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. "इंजेक्शन दोनदा दिलं, साडेअकराला मला कळलं, मी त्या पोरीला एकटीला वर पाठवलं, मी गेले नाही."

बाईने गोधडीच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. "म्हणजे दुपारी ते वाचले असते?"

"बहुतेक वाचले असते."

"सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "वेळ आली होती म्हणून मी कसंबसं मन आवरलं होतं." ती उठली, दारापर्यंत गेली, तिथे थांबली. "आता हेच वर सगळ्यांसमोर सांगाल?"

"चला," ताई म्हणाल्या. दोघी जिना चढून गेल्या.

चौकशी झाली. नवीने नर्सिंगच सोडलं. मावशी सांगत होत्या, आता ती कुठल्याशा दुकानात कापड मोजते आणि रुग्णालयाच्या रस्त्याने जात नाही. धाकटीची बदली झाली. निघताना ती खाली आली होती. दोघी समोरासमोर उभ्या होत्या. धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही तरी वर यायचं होतंत." ताई म्हणाल्या, "हो गं." एवढंच. महिनाभरात ताईंनाही घरी बसवलं. मला बरोबर न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण मी रुग्णालयाच्या मालकीचा, नंबर घातलेला.

आता माझ्यावर फाटक्या चादरींचा गठ्ठा असतो. वॉर्डात दुसरीच कुणी इन्चार्ज आहे. कशी आहे, मला ठाऊक नाही. कधीकधी एखादी सिस्टर दारात येते, आत बघते, कुणी नाही असं पाहून माघारी जाते. तिचा चेहरा बघूनच मला कळतं, काय घेऊन आली होती ते. तिला हाक मारावीशी वाटते.

ऐकायचं काम मी आयुष्यभर केलं. कुणाची चूक मी बाहेर फोडली नाही, कुणाला ओझं म्हटलं नाही. पण मला चार पाय असून एकीच्याही बरोबर जिना चढता आला नाही. तुमच्याकडे कुणी असं तोंड घेऊन आलं, तर त्याला बसवा, ऐकून घ्या. आणि मग बाबांनो, तुम्ही उठा.