सतरा नंबरचं पोट

सतरा नंबरच्या डुकरिणीनं तीन दिवस तोंडाला काही लावलं नाही. पोट उजव्या अंगानं घागरीएवढं फुगलं. बबिता घाबरली. पेडगावच्या शिवारात तिनं आणि नवऱ्यानं, नागेशनं, बेचाळीस डुकरं पाळली होती. डुकरांच्या साथीच्या तापात आजारी डुक्कर एकटंच जात नाही, सगळी मारून पुरावी लागतात, हे तिला ठाऊक होतं.

परभणीहून पशुवैद्य राजेश्री मॅडम आल्या. त्यांनी ताप मोजला, कान आणि पोटाखालची कातडी निरखली.

"ताप नाही, डाग नाहीत. बाकीची खातात?"

"तुटून पडायलीत," बबिता म्हणाली.

"साथ वाटत नाही. तरी रक्त तपासायला पाठवू."

"मंग गाभण आसंल का?" नागेशनं विचारलं.

"एकाच अंगानं कशी फुगेल?"

मॅडमनी सोबत आणलेलं सोनोग्राफीचं छोटं मशीन पोटावर फिरवलं. पडद्यावर मोठी काळी पिशवी दिसली. डावं मूत्रपिंड जागेवर होतं, उजवं सापडेना. त्या कितीतरी वेळ शोधत राहिल्या. मग बारीक सुईनं पिशवीतलं पाणी काढलं. पिवळसर होतं. नागेशनं वास घेतला.

"ही तर लघवी हाय!"

"हीच पिशवी म्हणजे उजवं मूत्रपिंड," मॅडम म्हणाल्या. "लघवीची नळी तुंबली, म्हणून ते फुग्यासारखं भरत गेलं. सोळा वर्षांत डुकरात मी पहिल्यांदा बघतेय."

बबिताला एकच विचारायचं होतं. "दुसऱ्यांना लागंल का?"

"नाही. हा पसरणारा रोगच नाही."

ती खाद्याच्या पोत्यावर मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. नागेश म्हणाला, "आगं, मॅडमला पाणी तरी दे!"

दुसऱ्या दिवशी टेम्पोनं डुकरिणीला परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन करून ते मूत्रपिंड काढलं. त्यात सहा लिटर पाणी होतं. डावं चांगलं काम करत होतं. आठवड्यानं रक्ताचा अहवाल आला, साथीचं काही नव्हतं.

घरी आणल्यावर टाके वाळायच्या आधीच सतरा नंबर मक्याच्या भरड्यावर धावली. बबितानं लगेच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, खायली! लय खायली!"

"थोडं थोडं द्या," मॅडम हसून म्हणाल्या. "आणि यंदा तिला गाभण राहू देऊ नका."

"आराम करू दे तिला," बबिता म्हणाली. "आमी बी आज पोटभर जेवणार हाव."